महाडखाली एकच नाव

पावसाळ्याची आठवण निघाली की लोक मातीच्या वासाबद्दल बोलायला लागतात. मला त्या वासाचं कौतुक कधी वाटलं नाही. महाडात माणूस चार महिने चिखलातच असतो, त्याला मातीचा वास वेगळा काय येणार? माझ्या पावसाळ्याला वास येतो तो ओल्या कातड्याचा, रॉकेलच्या चिंधीचा आणि शंखजिऱ्याच्या पुडीचा. यंदाही पितृपंधरवडा लागला, पाऊस जरा उघडला, परसातल्या गवताला तुरे आले आणि सकाळी न्हाणीघरातून येताना तो वास एकदम नाकात शिरला. घरात कातड्याची वस्तू म्हणाल तर चपला तेवढ्या. तरी आला. मी पायरीवर बसून राहिले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं.

आमच्याकडे मोटार होती. तेव्हा महाडात खाजगी मोटार म्हणजे बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्याही वर्षातले आठ महिनेच चालायच्या. ज्येष्ठ संपत आला, ओढे भरायला लागले की रस्ता आपोआप मिटायचा. पोलादपूरच्या पुढे घाटात दरड, इकडे नाते गावाच्या वाटेवर कमरेएवढं पाणी. मग आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये मोटार आत घ्यायची, तिच्या चारी बाजूंना फणसाच्या लाकडाचे ठोकळे द्यायचे, चाकं जमिनीपासून वर उचलायची, ट्यूबा काढून त्यांना शंखजिऱ्याची पांढरी पूड चोळून ठेवायच्या. कापडी टपाला ताडपत्री बांधायची. आमचे ड्रायव्हर रावजी याला ‘गाडीला निजवणं’ म्हणत. गाडी निजली की ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी होती तिथे लावणीला जात, आणि घटस्थापनेच्या सुमाराला तिला उठवायला परत येत.

माझे यजमान डॉक्टर होते. त्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात आणि मंगळागौरीत उखाण्यात घेतलं तेवढंच. या लेखातही ‘हे’ म्हणूनच येतील, सवय जात नाही.

हे मुंबईच्या एका मोटार क्लबाचे सभासद होते. तिथल्या सभांना एकदाही गेले नाहीत. जाणार कसे? बंदरावर जा, आगबोट धरा, दोन दिवस दवाखाना बंद ठेवा, आणि तेवढ्यात कोणाचं तरी बाळंतपण अडलेलं असायचंच. त्यांचा सगळा क्लब महिन्यातून एकदा टपालानं घरी यायचा. गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक. वर एखाद्या मोटारीचं चित्र, आत टायरांच्या जाहिराती, कुठल्या ओढ्यावरची फरशी वाहून गेली त्याच्या खबरा, सभासदांची पत्रं, एखाद्या साहेबानं काश्मीरपर्यंत मोटार कशी नेली त्याची हकिगत, आणि शेवटच्या पानावर विनोद. ते आलं की हे हात धुवायचे विसरत. आयोडीनचे डाग पडलेल्या बोटांनी झोपाळ्यावर बसून वाचत सुटायचे. एकटेच हसायचे. मी टपाल हातात देताना म्हणायची, “घ्या, तुमची मुंबईची आली.” त्याला ते आणखी हसायचे.

मग मला विनोद सांगायची हौस. “अगं ऐक, एक साहेब असतो, त्याची गाडी चढावर बंद पडते, तेव्हा त्याची बायको म्हणते...” इथपर्यंत बरं चालायचं. पुढे मराठीत गाडी बंद पडायची. हे थांबायचे, डोकं खाजवायचे, म्हणायचे, “इंग्रजीत फार गंमत आहे यात.” मी तांदूळ निवडता निवडता म्हणायची, “असेल.” किती वेळा म्हटलं असेन ‘असेल’. आता वाटतं, एकदा तरी खोटं खोटं हसायला काय जात होतं माझं? पण बत्तिसाव्या वर्षी बाईला वाटतं की नवरा उद्याही विनोद सांगणार आहे.

खरं सांगते, मला त्या मासिकाचा राग होता. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवसभर हे रोग्यांचे, संध्याकाळी मोटारीचे, आणि उरलेला वेळ या गुळगुळीत कागदाचा. माझ्या वाट्याला यायचं ते रस्त्यांचं पुराण. कुठल्या वळणावर खडी सुटलीय, कुठल्या ओढ्याला वाळू जास्त आहे, घाटात इंजिन तापलं की पाणी कुठल्या झऱ्याचं घ्यावं. मी ‘हं’ म्हणत ऐकायची. घराच्या बाहेर फारशी न पडता पोलादपूरपर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ झाला होता.

चैत्रात हे तुडीलला होडीनं येऊन-जाऊन करत होते. तिथे तापाची साथ होती. तोच ताप अंगावर घेऊन आले. एकविसाव्या दिवशी सगळं संपलं. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर धाकटे दीर, भाऊजी, गावाकडून आले. ते शेती बघत. चांगला माणूस, उगाच वाईट म्हणणार नाही. ओसरीवर बसून हळूच एकेक विषय काढत होते. दवाखान्याचं सामान, औषधाची कपाटं, मोटार. शेवटी म्हणाले, “वहिनी, त्या मुंबईच्या क्लबाला एक कार्ड टाकून द्या. दादांचं नाव काढतील ते. उगीच मासिक येत राहील.”

“टाकते,” मी म्हटलं.

आणि टाकलं नाही. वैशाखात टाकलं नाही, ज्येष्ठातही नाही. मासिक मात्र वेळेवर आलं. वरच्या कागदी पट्टीवर त्यांचं नाव, खाली महाड, जिल्हा कुलाबा. पोस्टमननं ते ओसरीच्या कडेला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेला. मी ते उचलून छातीशी धरलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं की मी कार्ड का टाकत नाहीये. साऱ्या जगात एकच जागा अशी उरली होती की जिथे हे अजून महाडला राहत होते. मुंबईतला कोणी कारकून दर महिन्याला त्यांचं नाव लिहून पट्टी चिकटवत होता. ते नाव पुसायला मीच कार्ड लिहायचं? मला ते जमेना.

त्या पावसाळ्यात रावजी लावणीला पंधरा दिवस गेले आणि परत आले. “गाडीला उंदीर लागतील, बायसाब,” एवढंच कारण दिलं. पन्नाशीचा माणूस, मुंबईत एका पारशाकडे आधी क्लीनर मग ड्रायव्हर म्हणून पंधरा वर्षं काढलेला. तिथेच त्यांना इंग्रजी अक्षरं आली होती. प्लगच्या खोक्यावरून, तेलाच्या डब्यावरून, पारशीबाबाच्या मुलांबरोबर बसून. मोटारीतला शब्द असला की चटकन वाचत. बाकीचं अक्षर अक्षर लावत, आणि तरीही लागलं नाही तर स्वतःच्या पदरचं घालत.

मासिक वाचायचं कुठे हा प्रश्न होता. सुतकातून नुकती उठलेली बाई, घरात दुसरं माणूस नाही, आणि ओसरीवर ड्रायव्हर बसून तिला वाचून दाखवतोय, हे आमच्या आळीला मानवलं नसतं. चवदार तळ्याच्या मागच्या आळीत कोणाच्या घरी फोडणीत मोहरी जास्त पडली तरी दुसऱ्या टोकाला कळायचं. तोडगा आपोआप निघाला. एकदा मी शेडमध्ये मोटारीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले होते. का बसले होते विचारू नका. रावजी आले, क्षणभर घुटमळले, आणि सवयीनं दार उघडून पुढच्या जागेवर, चाकामागे बसले. तोंड समोरच्या भिंतीकडे. मी मागे, ते पुढे, जसं नेहमी. यात कोणाला काही म्हणायला जागा नव्हती. मोटारीत बाई मागे बसणार आणि ड्रायव्हर पुढे, ही रीतच होती. गाडी ठोकळ्यांवर उभी होती एवढाच काय तो फरक. आळीतल्या बायका म्हणाल्या असतील, दुःखानं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, बसते बिचारी गाडीत. म्हणोत. थोडा झाला असेलही.

मी मागून मासिक पुढे दिलं.

तेव्हापासून रोज दुपारी तासभर आमचा क्लब भरायचा. वर पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की रावजींना ओरडून वाचावं लागे. नवा अंक दोन दिवसांत संपायचा, मग ह्यांच्या पत्र्याच्या पेटीतले जुने काढले. तीन वर्षांचे होते. कुठल्याशा परदेशातल्या बर्फात अडकलेल्या मोटारीची हकिगत रावजी अशी सांगत की ती मोटार घाटात अडकली आहे आणि खालच्या वाडीतले लोक दोर घेऊन येताहेत. “मंग सायबानं काय केलं, चाकाखाली पेंढा टाकला.”

“बर्फात पेंढा कुठून आणला, रावजी?”

“आता लिवलंय तर आणला आसंल. सायब लोक हायेत, त्यांच्याकडं सगळं आसतं.”

एका अंकात एका बाईचं चित्र होतं. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात चाक, आणि मागच्या सीटवर पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ. रावजींनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं. मग मागे न बघता म्हणाले, “ही बाय सोताच गाडी हाकते. मागं नवरा बसलाय तो एकदम घाबरलेला दिसतो.” मी हसले. चैत्रानंतर पहिल्यांदा हसले, आणि लगेच तोंडावर पदर घेतला. रावजी समोरच्या भिंतीकडेच बघत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, आणि पुढचं पान उलटलं.

विनोद मात्र त्यांनाही मराठीत आणता येत नसत. अक्षर अक्षर लावून संपलं की ते थांबत आणि म्हणत, “यात काय तरी जोक हाय.” मी म्हणायची, “असेल.” आणि मग आम्ही दोघंही गप्प बसायचो, कारण त्या शेवटच्या पानावर हसणारं माणूस तिथे नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका अंकात ह्यांचं पत्र छापून आलं होतं. नात्याच्या वाटेवरचा ओढा मोटारीनं कसा ओलांडावा याबद्दल. त्या दिवशी ह्यांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. मला तो अंक हातात धरून दाखवला होता, पण मी इंग्रजी न येणारी, मी ‘छान’ म्हटलं आणि पेढ्यांची परात उचलली. आता ते पत्र मी रावजींकडून किती वेळा वाचून घेतलं असेल त्याला मिती नाही. “वाळूत गाडी घालू नये. उजव्या अंगाला दगड हाय, त्याच्या वरच्या बाजूनं घ्यावी. गियर पहिला. पंख्याचा पट्टा सोडावा, नायतर पाणी उडून प्लग भिजतील. अडकली तर गावकऱ्यांना नीट बोलून बोलवावं.” एवढं वाचून रावजी अंक मिटत. मी म्हणायची, “संपलं?” ते म्हणायचे, “संपलं.”

मासिकाच्या शेवटी दर अंकात एक यादी असायची. गावांची नावं, आणि त्याखाली त्या गावातले सभासद. वाटेत कोणाची गाडी बंद पडली, पाणी हवं, हत्यार हवं, तर त्या गावात यादीतल्या माणसाच्या दाराशी जावं अशी त्या लोकांची रीत. पुण्याखाली, साताऱ्याखाली बरीच नावं होती. महाडखाली एकच. ते नाव माझं मी वाचायला शिकले. मला वाचता आलेला पहिला इंग्रजी शब्द तो, आणि मोठ्यानं वाचायची सोय नाही. रावजींनाही नव्हती, धन्याचं नाव कसं घेणार? यादी वाचताना ते ‘महाड’ म्हणत, मग थांबत. पाऊस ऐकू येई. मी मनातल्या मनात वाचून घेई. मग ते पुढचं गाव वाचत.

श्रावणात सावित्रीला पूर आला आणि बाजारपेठेत पाणी भरलं. आमची आळी जरा उंचावर, तरी शेडमध्ये पाणी शिरलंच. भाऊजींनी निरोप धाडला की गावी या, एकट्या राहू नका. मी नाही गेले. ठोकळ्यांच्या निम्म्यावर पाणी आलं होतं आणि मोटार त्यावर ऐटीत उभी होती. रावजी गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे राहून तिच्याकडे बघत होते. म्हणाले, “डाक्टरसायब आसते तर मासिकात लिवलं आसतं.” आम्ही दोघांनी मिळून सीटच्या गाद्या घरात आणल्या आणि चुलीपाशी वाळवल्या. तो वास घरात जो शिरला तो शिरलाच.

एकटेपणाबद्दल लोक मला विचारत, अजून विचारतात. माझं म्हणणं असं की एकटं माणूस रात्री जेवढं एकटं असतं त्याहून दुपारी चार वाजता जास्त असतं. चहाची वेळ. दोन कप काढायचे, मग एक परत ठेवायचा. त्यातून त्या पावसाळ्यात मी सुटले असं म्हणता यायचं नाही. पण तीन ते चार मी एका क्लबाची सभासद होते. क्लबाला माहीत नव्हतं एवढंच.

भाऊजींचं मासिकावर लक्ष होतं. गौरी-गणपतीला आले तेव्हा कोनाड्यात नवा अंक दिसला. “वहिनी, कार्ड राहिलं वाटतं?” मी म्हटलं, “पावसाचं टपाल, पोचलं नसेल.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते समजले असावेत. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही, फक्त जाताना म्हणाले की दिवाळीनंतर मोटारीचं काहीतरी बघायला हवं. ती पुढे पोलादपूरच्या एका सर्व्हिसवाल्यानं नेली. टप कापून, बाकं टाकून माणसं भरायला लागला. एकदा बाजारात माझ्या शेजारून गेली. मी ओळखलं, पण हाक मारण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आश्विनात कोजागरी होऊन गेली होती. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं, ऊन चटचट लागत होतं. दुपारचे तीन वाजले असतील. मी शेडकडे जायच्या बेतात होते आणि रस्त्यावरून भोंगा ऐकू आला. त्या हंगामातला पहिलाच. पाठोपाठ पोरांचा कल्ला, आणि मग एक धुळीनं माखलेली मोटार, एका अंगाला कललेली, पुढून दोन बैल ओढताहेत, अशी आमच्या दाराशी येऊन थांबली. आतून चाळिशीतले एक गृहस्थ उतरले. खाकी पँट, डोक्याला टोपी, हातात मासिक. मासिकात बोट घातलेलं होतं. मी दाराआड झाले.

रावजी शेडमधून बाहेर आले. पाहुण्यांनी मासिकात बघून ह्यांचं नाव मोठ्यानं उच्चारलं. कितीतरी दिवसांत ते नाव त्या अंगणात कोणी घेतलं नव्हतं.

“घर हेच ना?”

“व्हय. हेच.”

“आहेत का डॉक्टर?”

रावजींनी दाराकडे बघितलं. मी फटीतून बघत होते, त्यांना माझा पदर दिसला असणार. त्यांनी बोटं धोतराला पुसली. म्हणाले, “सायब विजिटला गेलेत.”

“केव्हा येतील?”

“तसं सांगता नाय यायचं.”

पाहुणे हसले. “डॉक्टर माणसाचं असंच. थांबतो मी. तसंही गाडी हलणार नाही. स्प्रिंगचं मोठं पान तुटलंय, पोलादपूरच्या अलीकडेच गेलं. दोरखंड बांधून आणलीय इथपर्यंत, म्हटलं महाडला यादीत माणूस आहे.”

रावजींनी खाली वाकून ती तुटलेली पोलादी पट्टी बघितली, म्हणाले आमच्या गाडीचं पान काढून बसतंय का बघतो, लोहाराला बोलवतो, दोन तास लागतील. आणि शेडमध्ये गेले. ‘नसलेल्या माणसाला विजिटला कशाला धाडलंत’ असं मी नंतर विचारलं त्यांना. म्हणाले, “मी बोलाया गेलो तर त्येच निगालं तोंडातनं. दुसरं निगालंच नाय.”

पाहुणे ओसरीच्या बाकावर बसले. टोपी काढून शेजारी ठेवली. आडवळणाच्या रस्त्यांनी एकट्यानं हिंडणारा माणूस असावा, त्यांना बोलायला हवं होतं. दाराच्या आत कोणीतरी आहे हे त्यांना कळत होतं, त्यामुळे ते दाराकडे बघून बोलत. वाईला वकिली करतात, घाट उतरून कामाला मुंबईला निघालेत, घरचं कोणी मोटारीत बसायला तयार नसतं. “कुठल्याही गावाला जायचं झालं की आधी यादी बघतो,” म्हणाले. “बहुतेक ठिकाणी दार ठोठावायची वेळ येत नाही. पण नाव असलं की बरं वाटतं.”

रस्त्यानं गाडी वाजली की ते मान उंचावून बघत. बैलगाडी निघाली की पुन्हा टेकत. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, आतून मीही बघतेय. प्रत्येक गाडीला. सहा महिन्यांत त्या घरात ह्यांची वाट बघणारं दुसरं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. ‘उशीर झाला बुवा डॉक्टरांना’ असं ते म्हणाले, आणि मला आतून अगदी पूर्वीसारखी, खरीखुरी चीड आली, की काय हा माणूस, घरी कोणी ताटकळत बसलंय याची फिकीर नाही. मला बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण फार बरं वाटत होतं. ते दोन तास संपू नयेत असं वाटत होतं.

मी तीनदा चहा केला. दाराच्या आतून कप पुढे सरकवायचा, ते उचलून घ्यायचे. तिसऱ्या कपाला म्हणाले, “वहिनी, चहा फार छान होतो तुमचा. डॉक्टरांनी लिहिलंच होतं.”

“काय लिहिलं होतं?” माझ्या तोंडून निघून गेलं. परक्या पुरुषाशी, दाराआडून, पण निघून गेलं.

“त्यांचं ते ओढ्याचं पत्र हो. मी कापून ठेवलंय.” त्यांनी मासिकात ठेवलेला एक कातरलेला कागद काढला आणि इंग्रजी वाचून त्याचं मराठी करत सांगू लागले. वाळू, उजवीकडचा दगड, पहिला गियर, पंख्याचा पट्टा, गावकऱ्यांना नीट बोलून बोलवावं. मला सगळं पाठ होतं, मी ओठ हलवत बरोबर म्हणत होते. मी थांबले, ते थांबले नाहीत. “सभासदांनी महाडला आमच्या घरी अवश्य थांबावं. मी बहुधा घरी नसेन. पण माझी पत्नी असेल. तिच्या हातचा चहा मुंबईत मिळत नाही. आणि या रस्त्याबद्दल तिला माझ्याइतकंच माहीत आहे, कारण गेली दहा वर्षं ती माझी बडबड न कंटाळता ऐकत आली आहे. क्लबाची खरी सभासद तीच.”

रावजींनी हे कधी वाचलं नव्हतं. पुढे एकदा विचारलंच मी त्यांना. मग म्हणाले, “मनात वाचलं व्हतं. पर सायबांनी तुमच्याबद्दल लिवलेलं मी मोठ्यानं कसं बोलू, बायसाब? त्ये त्यांनी बोलायचं.” खरंच आहे. त्यांनीच बोलायचं होतं. पेढे वाटण्याच्या गडबडीत राहून गेलं, आणि मी ‘छान’ म्हणून परात उचलली.

कंटाळले होते हो मी. रोज कंटाळत होते. त्यांना ते कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्यांनी असं लिहिलं, यातलं काय खरं ते मला कधीच कळणार नाही.

शेडमधला हातोड्याचा आवाज बंद झाला. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं होतं, पाहुणे पुन्हा रस्त्याकडे बघत होते. आणि मला जाणवलं की हे वाईट चाललंय. चांगल्या माणसाला मी बसवून ठेवलंय. त्यानं वाट बघितली तर कोणी येणार आहे का?

बाहेर जायचं म्हणजे माझं कपाळ त्यांना दिसणार होतं. एकदा बघितलं की सांगायची गरजच उरली नसती, त्यांना आपोआप समजलं असतं, जसं सगळ्यांना समजलं होतं. महाडात मला कोणालाच सांगावं लागलं नव्हतं. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना आधीच माहीत. सहा महिन्यांत ते वाक्य माझ्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं. मला एकदम वाटलं, दिसण्याआधी सांगावं. आपण सांगावं. म्हणून मी दाराच्या आतूनच बोलले.

“डॉक्टर येणार नाहीत.”

“मुक्काम पडला का?”

“ते चैत्रात गेले.”

आणि मग मी उंबऱ्याबाहेर आले.

पाहुणे उठून उभे राहिले. हातातलं मासिक त्यांनी मिटलं, मग पुन्हा उघडलं, मग काय करावं न कळून बाकावर ठेवलं. “मला माहीत नव्हतं,” म्हणाले.

“कसं माहीत असणार? आम्ही कळवलंच नाही.”

“क्लबाला मी कळवू का? मुंबईला जातोच आहे.”

“नको,” मी म्हटलं. “मीच कळवीन.”

रावजी अंगणात उभे होते. हात कोपरापर्यंत काळे झालेले, मान खाली. गाडी तयार होती, हे त्यांनी सांगितलं नाही. पाहुण्यांनी टोपी उचलली. “मग येतो मी,” म्हणाले. “तुम्हाला उगीच... मी इतका वेळ इथे बसून...”

“बसा,” मी म्हटलं. “अजून थोडा वेळ बसा.”

ते बसले. मी उंबऱ्यावर टेकले, आळी बघत होती तरी टेकले. रावजी पायरीवर बसले. दिवेलागणीची वेळ झाली होती. रस्त्यानं एक बैलगाडी वाजत आली आणि दारावरून गेली, आणि आमच्यापैकी कोणी मान वर करून बघितलं नाही.